विमान उतरेपर्यंत

गावात त्याला सगळे जावई म्हणत. हे नाव ठेवलं त्याच्या मेहुण्यानं, आणि ठेवताना स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की हातातला चहा सांडला. "आमच्या घरचा जावईही हाच आणि सरकारचा जावईही हाच!" कारण जावई विमानतळावरच्या आगीच्या बंबावर मुख्य होता आणि नोकरीला लागल्यापासून त्यानं एकही आग विझवली नव्हती.

विमानतळ म्हणजे तरी काय? एक धावपट्टी, एक टॉवर, बसस्थानकाएवढी इमारत आणि दिवसाला एक विमान. ते दुपारी यायचं आणि थोडं थांबून परत जायचं. पण आजूबाजूच्या सगळ्या मुलखाचं त्या एका विमानावाचून अडायचं. मोठ्या इस्पितळात निघालेले आजारी, कोर्टाची तारीख असलेले, परदेशी शिकायला चाललेली पोरं आणि त्यांना सोडायला आलेलं रडकं खानदान, फुलांच्या पेट्या, सगळं तिथूनच जायचं. आणि बंब जागेवर उभा नसेल तर विमानानं उतरायचं नाही आणि उडायचंही नाही, असा नियम होता.

म्हणून जावई रोज बंब धुवायचा, टाकी भरलेली आहे ना ते बघायचा, पंप चालवून पाहायचा आणि विमानाच्या वेळेला धावपट्टीच्या कडेला इंजिन चालू ठेवून बसायचा. विमान नीट उतरलं की गाडी परत शेडमध्ये.

"आज काय विझवलंत, जावईबापू?" मेहुणा हटकून विचारायचा.

"तहान," जावई म्हणायचा.

मेहुण्याची लाकडाची वखार होती, गावाच्या टोकाला, धावपट्टीवरून छप्पर दिसेल इतकी जवळ. खाली लाकूड, वर घर. त्या घरात जावयाची सासू असायची. तिची जीभ ठणठणीत होती, गुडघे मात्र गेल्या वर्षापासून संपावर गेले होते.

त्या दुपारी धूर आधी पाइपवाल्याला दिसला. पाइपवाला म्हणजे बंबावरचा जावयाचा जोडीदार. दोघं नेहमीसारखे विमानाची वाट बघत गाडीत बसले होते.

"भाऊ, तो धूर वखारीकडचा नाही ना?"

जावई काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. बायको होती, आणि तिच्या आवाजामागे नुसता कालवा.

"अहो, वखार पेटलीय! आई वर अडकलीय. दादा आत शिरलाय तिला आणायला."

"गावचा बंब?"

"तो दुरुस्तीला गेलाय. दुसरीकडून मागवलाय म्हणे, कधी येणार देव जाणे. तुमचा घेऊन या ना!"

जावयानं आकाशाकडे पाहिलं. विमान अजून दिसत नव्हतं. "विमान उतरलं की लगेच निघतो."

"उतरलं की?" ती म्हणाली. "अहो, माझी आई आहे ती." आणि फोन बंद झाला.

जावयानं वायरलेसवर टॉवरला विचारलं, विमान मागे पाठवता येईल का? टॉवरवरच्या माणसानंही धूर पाहिला होता. त्याचा आवाज मऊ झाला होता, पण उत्तर सरळ होतं. मागच्या विमानतळावर वादळ होतं आणि तिथे सगळं बंद होतं. विमानाला इथेच उतरावं लागणार होतं.

"मग उतरू दे की!" पाइपवाला म्हणाला. "रोज उतरतंय तसं आजही उतरेल. आपण इथे असून तरी काय दिवे लावतो? भाऊ, वळवा गाडी. नोकरी गेली तर गेली."

नोकरीचं भय जावयाला नव्हतं, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण नंतर गावात लोक 'नोकरीला भ्यायला' असंच बोलले. त्याला भय होतं ते त्या एका दिवसाचं, ज्या दिवशी विमान रोजच्यासारखं उतरणार नाही. तो दिवस आधी कळवून येत नाही, म्हणून तर रोज बसायचं. मोठ्यांदा तो एवढंच म्हणाला, "थांब जरा. आलंच."

विमान आलं. चाकं खाली काढून ते धावपट्टीकडे उतरू लागलं आणि त्याच वेळी वारा फिरला. वखारीचा काळा लोट आडवा होऊन धावपट्टीच्या तोंडावर पसरला. विमान त्यात शिरलं, दिसेनासं झालं, आणि एकदम इंजिनांचा केवढा तरी आवाज करत धुराच्या वरून बाहेर पडलं. न उतरता ते पुन्हा वर गेलं. पाइपवाल्यानं डोक्याला हात लावला.

"दुसऱ्या टोकाकडून येतंय," टॉवरनं कळवलं. "बंब तिकडे न्या."

दुसऱ्या टोकाला जायची वाट फाटकावरून होती. फाटकावरचा पहारेकरी भला माणूस. धूर बघून त्यानं न सांगताच फाटक सताड उघडून ठेवलं होतं आणि जावयाला हातानं खुणावत होता, या, या. बाहेर रस्ता मोकळा होता. वर सासू होती, आत मेहुणा होता, बायको रस्त्यावर उभी होती, आणि भरलेली टाकी त्याच्या पाठीशी होती. त्यानं गाडीचा वेग कमीसुद्धा केला.

मग तो फाटकात न वळता पुढे गेला. पाइपवाल्यानं तोंड फिरवलं, ते मग वळवलंच नाही.

दुसऱ्या खेपेला विमान उतरलं. धावलं, थांबलं, वळलं, दार उघडलं, माणसं पिशव्या सावरत शिडीवरून खाली आली. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. जावयानं विमानतळाच्या साहेबांची परवानगी घेतली आणि बंब फाटकातून बाहेर काढला तो सुसाट.

वखार वाचणार नव्हतीच. शेजारची दोन घरं त्यानं वाचवली. आयुष्यातली पहिली आग त्यानं चोख विझवली, पण ते ना कुणाच्या लक्षात आलं ना त्याच्या. सासू शेजाऱ्यांच्या ओट्यावर खुर्चीत बसली होती, सुखरूप. मेहुण्यानं तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं होतं. जिन्यात पेटती फळी आडवी पडली होती, ती त्यानं हातांनी बाजूला केली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

गावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हे आपल्याकडचं काम नाही, मोठ्या इस्पितळात आजच न्या. रस्त्यानं सोसणार नाही. मागचं वादळ एव्हाना निवळलं होतं. साहेबांनी फोन करून विमान थांबवून धरलं आणि मागच्या खुर्च्या रिकाम्या करवल्या. जावई खाटेजवळ उभा होता. मेहुण्यानं डोळे उघडले.

"विमान उतरलं?"

"उतरलं, दादा."

"काही झालं त्याला?"

"नाही."

"मग?"

विमानात माणसं होती, असं जावई म्हणणार होता. पण वखारीतही होती, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याला रडू फुटलं आणि तो तसाच बाहेर आला. कारण टाकी पुन्हा भरायची होती. बंब जागेवर पोहोचल्याशिवाय विमान हलणार नव्हतं.

उन्हं उतरताना तो धावपट्टीच्या कडेला गाडी लावून उभा राहिला. पाइपवाला मुकाट्यानं आपल्या जागेवर बसला. रुग्णवाहिका विमानाच्या पोटाशी गेली, मेहुण्याला वर चढवलं. बायको भावाबरोबर जाणार होती. तिनं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग काढला, आणि जळक्या वासाच्या साडीनिशी तरातरा बंबाकडे चालत आली. दुपारच्या फोननंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. जावई खाली उतरला. जे काही ती बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

तिनं आधी बंबाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आम्ही वर जाईपर्यंत इथून हलू नका," ती म्हणाली. "कुणाचाही फोन आला तरी."