दिनेशच्या खाटेवरचा पंचा

"काका, तुम्हाला सी.ओ.पी.डी. आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मी आधी रिपोर्टवरचं नाव बघितलं. शाळा माझी चौथीतच सुटली, पण आपलं नाव इंग्रजीतही ओळखतो. माझंच होतं.

सी.ओ.पी.डी. म्हणजे श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद होतात. गेलेला दम पुरता परत येत नाही. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो.

मी वळ गावच्या गोदाममालकांच्या बंबावर फायरमन होतो. कापड, प्लास्टिक, रंगाचे डबे, सगळ्याच्या आगी विझवल्या. तेव्हा दम लागला नाही आणि रिटायर झाल्यावर जिना चढताना लागतो? मला संशय आलाच.

"विडी किती ओढता?" बाईंनी विचारलं.

"आयुष्यात न्हाय ओढली."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मला वाटलं, गोदाममालकांचा माणूस आधीच सांगून गेला असेल, म्हाताऱ्याचं विडीवर ढकला. मी म्हटलं, पुन्हा तपासा. पुन्हा पी.एफ.टी. झाली, म्हणजे नाकाला चिमटा लावून नळीत जीव खाऊन फुंकायचं. नंतर बाकावर बसून मी दारावर नजर ठेवली, आत कोण जातंय. कोणी गेलं नाही. रिपोर्ट तोच आला.

मग बाईंनी वेगळंच विचारलं. "ड्युटीवर झोपायचात कुठे?"

"बंबाच्या वरच्या खोलीत."

"आगीतला कोट?"

"उशाशी, खुंटीवर. घंटा झाली की अंगात."

"धुवायचात?"

मला हसू आलं. आमच्यात कोट धूत नाहीत. जितका काळा तितका मान. नव्या पोराचा पिवळाधमक कोट दिसला की सगळे विचारायचे, "काय नवरदेव, हळदीला चाललास?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आगीतलं विष त्या कोटात बसतं, ते तुम्ही झोपेत हुंगता. शिवाय बंबाचा धूर जिन्यातून वर. आग कधीतरी लागते काका, हे रोजचं."

मला पटलं नाही. पण माझा मुलगा दिनेश आता त्याच बंबावर आहे, माझ्याच खाटेवर झोपतो. रस्ता रुंद करताना जुनं स्टेशन पाडणार, म्हणून गोदाममालक नवं बांधणार होते, आणि नकाशा जुनाच. खाली बंब, वर खाटा.

मी माझ्या पद्धतीनं तपासलं. पांढरा पंचा ओला करून दिनेशच्या खाटेवर बांधला. सकाळी बंबाचं इंजिन गरम करताना दारं बंद ठेवतात, ट्रकांची धूळ नको म्हणून. धुळीचाच दोष निघायला नको, म्हणून दुसरा पंचा घरी रस्त्याकडच्या खिडकीत बांधला. आठवड्यानं दोन्ही काढले. घरचा मातकट झाला होता. खाटेवरचा काळा, तेलकट, बोटांना चिकटणारा.

दिनेशला म्हटलं, कोट धू.

"बाबा, पोरं हसतील."

"हसू दे. हसायला दम लागतो. हाय तोवर हसतील."

तो काळा पंचा मी इंजिनिअरच्या नकाशावर टाकला.

"काका, खोली वरच बरी. हवा येते," तो म्हणाला.

"येते ना. बंबाची."

त्यानं पंचा हुंगला आणि पेन्सिल काढली. मालकांनी बरीच खळखळ केली. मी रोज जाऊन त्यांच्या समोर बाईंनी दिलेला श्वासाच्या औषधाचा पंप ओढत बसलो.

शेवटी खाटा बाजूच्या इमारतीत गेल्या. मध्ये घट्ट लागणारं दार आलं. बंबाच्या धुराला थेट बाहेर काढणारी नळी, कोटांना वेगळी खोली आणि धुवायला मशीन.

बंबावरच्या भावांनो, विडी ओढत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. खोकला लपवू नका. डॉक्टरवर संशय घ्या हवं तर, पण तपासणी करा. बाईंना मी दारच्या झाडाचे आंबे नेऊन दिले. माझा दम आहे तेवढाच आहे.

नवं स्टेशन झालं त्या सकाळी मी गेलो. बंब चालू करायला लावला आणि खोलीत दार लावून उभा राहिलो. मग दिनेशची उशी नाकाला लावली. खोबरेल तेलाचा वास आला. दुसरा कसलाच नाही.

"झाली खात्री, बाबा?" दिनेशनं विचारलं.

"उद्या परत येतो," मी म्हटलं.