काओर आणि आईचं मटण
काओर या फ्रेंच वाइनचा वास आला, की मला अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतलं आमचं हिवाळ्यातलं गॅरेज आठवतं. जांभळासारखी काळपट, तुरट वाइन. मटणाशी तिचं छान जमतं. नागपूरहून आलेल्या आईने माझ्या बॉससाठी सकाळपासून खपून मटण केलं होतं. "तुझ्या तिखटाने वाइन कडूजहर लागते गं," असं मनाशीच म्हणत मी पातेलं तिच्या नकळत गॅरेजमध्ये ठेवलं, आईला वरच्या खोलीत बसवलं आणि पाहुण्यांना स्टेक वाढला. ते गेल्यावर तिने विचारलं, "आवडलं का रे साहेबांना?" "खूप! सगळं संपलं," मी म्हणालो. किचनमध्ये गेलो, तर गॅसवर तेच पातेलं. थिजलेला रस्सा हळूहळू सुटत होता. आई आता नाही. काओर मी अजूनही स्टेकबरोबरच पितो. छान लागते.