खिडकीतली पाटी

"उशीर म्हणजे आउट नव्हे, डिअर," असं म्हणत शेजारच्या आजी स्टॉपवॉच डोळ्यांजवळ न्यायच्या. खिडकीत लाकडी स्टूल, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. रस्त्यावरून त्यांचे ऐंशी ओलांडलेले यजमान हातात जुने कातडी मोजे घालून संथ चालत यायचे आणि खिडकीकडे बघायचे. आजी काचेला पाटी लावायच्या: तीन. आजोबा हात वर करून पुढे, चौथ्या फेरीला.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या रीडिंग गावात नवऱ्याच्या व्हिसावर, घरी बसून नोकरीचे अर्ज खरडत होते. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा वाटलं, दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही. तुम्हालाही तेच वाटलं असतं, उगाच साळसूदपणा नको.

आजोबा तरुणपणी चोवीस तासांच्या मोटार शर्यतींत उतरायचे. उघडी, दोन सीटची हिरवी गाडी, डोक्यावर छप्पर नाही, बॉनेटला कातडी पट्टा. एका गाडीला दोन ड्रायव्हर, आळीपाळीने. आजी कडेला स्टुलावर बसून दर फेरीची वेळ टिपायच्या. त्या इंजिनांच्या आवाजात हाका कसल्या ऐकू जाणार? म्हणून पाटी. पाटीवर 'इन' दिसलं की आत यायचं, तोवर थांबायचं नाही. आणि फेरीला उशीर झाला तरी गाडी आउट, म्हणजे शर्यतीतून बाद, धरायची नाही.

"पहाटे आत यायचा ना, तेव्हा बोटं गारठून स्टिअरिंगला चिकटलेली असायची," आजी सांगायच्या. "एकेक करून सोडवायचे मी."

आता आजोबांना लेकीचं नावसुद्धा आठवत नव्हतं. पाटी मात्र कळायची. लेक बर्मिंगहॅमहून फोनवर मागे लागायची, डॅडना केअर होममध्ये ठेवू या. आजी ठाम. "तो फेरी पुरी करतोय तोवर माझ्याच घरात राहील."

घरांच्या त्या चौकोनाची एक फेरी नऊ मिनिटांची. बारा मिनिटं झाली की माझा फोन वाजायचा. "जरा बघतेस?" की मी चपला अडकवून पळाले. एकदा आजोबा कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीला "पेट्रोल भर, लवकर!" म्हणून दटावत होते. हाताला धरून आणलं, तर आजींनी वहीत वेळ लिहून पुढे 'पेट्रोलला थांबला' अशी नोंद केली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता आजी एकदम खचल्याच.

"फार दमलेय गं मी. तिथे चोवीस तासांनी शर्यत संपल्याचा झेंडा तरी पडायचा."

मी आपला चहा टाकला.

फेब्रुवारीत आजी स्वयंपाकघरात कोसळल्या आणि दोन दिवसांत हॉस्पिटलमध्येच गेल्या. फ्युनरलनंतर लेक घरी पाहुण्यांना सँडविचेस देत होती, तेवढ्यात आजोबा काळ्या सुटावर मोजे चढवून बाहेर पडले. एक फेरी, दोन, पाच. वरून पावसाची बुरबुर. पाय लटपटत होते, पण थांबतील तर शपथ. लेक छत्री घेऊन मागे, "डॅड, प्लीज!" मी आडवी गेले.

"बोर्ड नाही आला," म्हणाले आणि मला वळसा घालून पुढे. दर फेरीला मान त्या रिकाम्या खिडकीकडे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत धावले. पाटी स्टुलाखालीच होती. खडूने 'इन' लिहिलं आणि काचेला लावून धरली.

आजोबांनी पाहिलं. हात वर केला. फाटकातून सरळ आत आले आणि माझ्यापुढे दोन्ही हात धरून उभे राहिले. मी एकेक बोट सोडवत मोजे काढले. मला रडू आवरेना.

ते जाऊन आजींच्या स्टुलावर बसले. स्टॉपवॉच उचललं, रस्त्याकडे पाहत राहिले.

"तिला उशीर झालाय," ते म्हणाले.

"उशीर म्हणजे..." मी सुरुवात केली, पण पुढचं माझ्याच्याने बोलवेना.