निवडुंगाचं पाणी आणि गच्चीवरची पाटी

आमच्या सोसायटीत गच्चीच्या दाराशी परवापर्यंत एक पाटी होती : ‘गच्चीत मासे वाळवू नयेत.’ ती माझ्या बायकोमुळे लागली असं सगळे समजत होते. ती लागली माझ्यामुळे, आणि मासे त्यात कुठेच नव्हते.

मुलुंडची आमची बिल्डिंग जुनी, बिनलिफ्टची. जिन्याच्या भिंतींना कायमची ओल. ऑइलपेंट दिला की फोड यायचे, मग पापडासारखे पोपडे सुटायचे. माझा जन्म बांधकामांवर सुपरवायझर म्हणून गेला, त्यामुळे मी चुना लावा म्हटलं तेव्हा कमिटीने ऐकलं. भिंत कोरडी झाली, पण चुना अंगाला लागू लागला. जिना अरुंद, समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटायचं. आमच्या बिल्डिंगची माणसं स्टेशनवर लांबून ओळखू यायची. एक खांदा पांढरा.

पुढच्या रंगकामाच्या वेळी मी म्हटलं, चुन्यात निवडुंगाचं पाणी घालू. आमच्या गावी देवळाच्या चुन्यात ते घालत. त्या भिंतीला पाठ टेकून रात्रभर भजन ऐकलं तरी सदरा स्वच्छ राहायचा.

आमचे अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावरचे, वयाने माझ्याहून लहान; सगळ्या बिल्डिंगसारखे तेही मला काका आणि बायकोला वहिनी म्हणतात. ते म्हणाले, “काका, आपल्याकडे भांडणं कमी पडतायत का, म्हणून निवडुंग आणताय?”

सगळे हसले. विषय संपला.

माझा संपला नव्हता. एका बंद वर्कशॉपच्या कुंपणाशी फड्या निवडुंग माजला होता. त्याची फडी कापून आणली, काटे जाळले, तुकडे केले आणि गच्चीवर टाकीमागे पिंपात भिजत घातले. पाण्याला भेंडीसारखी तार सुटली. आता ते गाळून चुन्यात मिसळायचं, एवढंच काम. नेमका रंगारी भाच्याच्या लग्नाला गावी गेला. पिंप मे महिन्याच्या उन्हात तसंच राहिलं आणि आतलं सगळं कुजलं.

अध्यक्षांच्या मुलीचा साखरपुडा त्याच आठवड्यात, आमच्याच गच्चीवर होता. माझी बायको मालवणकडची. कधीमधी गच्चीत सुकट वाळत घालायची, त्यावरून आधी एकदा कुरबूर झालेली. साखरपुड्याच्या सकाळी वास सुटला तसे अध्यक्ष थेट आमच्या दारात आले.

“वहिनी, आजच्या दिवशी तरी सुकट घालायची नव्हती हो.”

“मी? मी कुठे घातली?” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघू लागली.

मला सगळं कळलं होतं. खरं बोललो तर पिंप गटारात जाणार आणि माझा चुनाही. मी म्हणालो, “जाऊ दे ना, काढते ती.”

ते गेल्यावर तिने विचारलं, “काय काढू मी?”

मी पिंपाचं सांगितलं. ती म्हणाली, “मग आता जावा नि सांगा त्येंका.”

“आधी रंग लागू दे. मग सांगतो.”

पिंप मी झाकण घट्ट लावून गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत लपवलं. रंगारी आल्यावर तेच पाणी चुन्यात घातलं. भिंत सुकली तसा वास गेला. बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. लोक माझी पाठ थोपटू लागले, चुन्यात काय घातलं ते मी सांगितलं नाही, आणि गच्चीच्या दाराशी ती पाटी लागली. आज सांगतो, उद्या सांगतो, यात वर्षं गेली. हळदीकुंकवाला कोणीतरी हमखास म्हणायचं, “वहिनी, आज गच्चीत काही नाही ना?” ती हसायची. ते हसणं मी ओळखत होतो. तिने सुकट गच्चीवर नेणं बंद केलं. घरात भाजायची तीसुद्धा खिडक्या लावून.

यंदा पुन्हा रंग काढायचा ठरला. नवा कॉन्ट्रॅक्टर पत्रा घेऊन जुना थर खरवडायला बसला आणि घामाघूम झाला. “काका, ये निकलताच नहीं! काय टाकलंय यात?”

जिन्यात गर्दी जमली. कोर्टात निघालेल्या अध्यक्षांनी काळ्या कोटाचा खांदा भिंतीवर खसाखसा घासून सगळ्यांना दाखवला. “बघा, आहे डाग? काका, आता तरी सिक्रेट सांगा.”

बायको वरच्या पायरीवर उभी होती.

“निवडुंग,” मी म्हटलं. “तुम्ही हसला होतात तो. तुमच्या मुलीच्या साखरपुड्याला वास आला तो त्याच पिंपाचा. सुकट नव्हतीच. हिने काहीच केलं नव्हतं, आणि मी गप्प बसलो.”

मग अध्यक्षांची बायको म्हणाली, “मी तेव्हाच म्हणत होते, सुकटीचा वास असा नसतो!”

“तुला काय माहीत सुकटीचा वास?” अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही.

“वहिनींनी खाऊ घातलीय,” ती म्हणाली आणि जिना हशाने दणाणला.

अध्यक्षांनी स्क्रूड्रायव्हर मागवला. स्वतः वर जाऊन पाटी उतरवली आणि म्हणाले, “वहिनी, चुकलो.”

“तुम्ही कशाक? चुकलेले हे उभे आहेत. तोंड उघडूक एवढी वर्षां लागली त्येंका.” बोलताना तिची मान ताठ होती.

नवा हात निवडुंगाच्या पाण्याचाच द्यायचा, हे तिथेच ठरलं. पिंप यंदा अध्यक्षांच्या गॅलरीत आहे. दोन दिवसांत गाळायचं, हे त्यांना मी पुन्हापुन्हा बजावलंय.

आणि सुकट? ती गच्चीच्या बरोब्बर मध्ये, जुन्या साडीवर पसरलीय. मला काठी देऊन कावळे हाकलायला बसवलंय. संध्याकाळपर्यंत उठायचं नाही, असा हुकूम आहे. आता अध्यक्ष वर आले, नाक वर करून त्यांनी वास घेतला.

“काका, हा सुकटीचाच ना?”

“सुकटीचाच,” मी म्हणालो. खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.