जखमी व्याह्याचा शब्द

उजनीच्या काठावर पाण्यातली पंपाची मोटार वर ओढताना नागप्पांचा पाय घसरला आणि त्यांच्या गुडघ्यानं जो असहकार पुकारला, तो महिना उलटला तरी मागे घेतला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता सोलापुरात राहून रोज व्यायाम करून घ्यायचा, गावाकडं बसून हे बरं होणार नाही. नागप्पांनी मुकाट्यानं केळीचा बाग भावाच्या स्वाधीन केला आणि स्टँडजवळ एखादा लॉज बघायला सांगितला. शुक्रवार पेठेत त्यांची लेक शिवलीला राहत होती, पण ते तिचं सासर. नागप्पांच्या वडिलांनी लेकीच्या घरी उभ्या जन्मात पाण्याचा घोट घेतला नव्हता. नागप्पा तेवढे कडक नव्हते. तरी लेकीकडं चहा घेताना ते कप अर्धाच भरा म्हणायचे.

जावई बसू गाडी घेऊन आला आणि सासऱ्याला उचलून थेट घरी घेऊन गेला. दारात व्याही वीरभद्रप्पा स्वागताला उभे होते. "बर्री बीगरे," ते म्हणाले. कानडीत बर्री म्हणजे या, आणि व्याह्याला बीगर म्हणतात. या दोन घरांत मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असे. नागप्पाही हात जोडून "व्हय बीगरे, आलो" म्हणाले, आणि तिथून दोघांची कसोटी सुरू झाली.

वीरभद्रप्पांचं पेठेत कापडाचं जुनं दुकान. आता दुकान बसू बघायचा. ते सकाळी जाऊन गादीवर बसून यायचे आणि दुपारनंतर घरी असायचे. नागप्पा सकाळी व्यायाम करून यायचे आणि दुपारनंतर तेही घरीच. मग हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर दोन व्याही. पाऊसपाणी झालं, केळीचा भाव झाला, टॉवेलांचा बाजार झाला, दोन्हीकडच्या मयत माणसांची आठवण काढून झाली. त्यानंतर पंख्याचा आवाज. नागप्पांना पाय लांब करायचा असे, पण मुलाच्या बापासमोर पाय कसा लांब करणार? वीरभद्रप्पांना दुपारी पडायची सवय, पण पाहुणा बसलेला असताना पडणार कसं? एक पाय दुमडून आणि एक झोप आवरून, असे दोघं अंधार पडेपर्यंत एकमेकांचा मान राखत बसायचे.

ही अवघड शांतता शिवलीलानं मोडली. बसूचा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा लग्नापासून कपाटात पडून होता. तो तिनं काढला, वायरी जोडल्या आणि दोघांच्या हातात एकेक रिमोट दिला. लढाईचा खेळ होता. पडद्याचे दोन भाग, वरच्या भागात एक सैनिक, खालच्यात दुसरा. दोघांनी मिळून बर्फातून शत्रूच्या ठाण्यापर्यंत जायचं. एक जण गोळी लागून पडला की दुसऱ्यानं जवळ जाऊन बटण दाबून धरायचं, म्हणजे पडलेला उठतो. पडलेल्याच्या डोक्यावर एक लाल पट्टी असते. ती संपायच्या आत उठवलं नाही, तर डाव गेला.

पहिल्या दिवशी ते एका दाराच्या पुढं गेले नाहीत. दार उघडं होतं.

"तुमी पुढं व्हा बीगरे," नागप्पा म्हणाले.

"छे छे, तुमी पाहुणे. तुमी आधी."

"मुलाकडच्यांच्या आधी आमी कसं जाणार?"

दोघंही सैनिक बंदुका खाली घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले आणि आतून आलेल्या हातबॉम्बनं मानाचा प्रश्न सोडवला.

पुढं हेच चालत राहिलं. औषधाची पेटी दिसली की ती ताटातल्या शेवटच्या पुरणपोळीसारखी मध्ये पडून राही. चांगली बंदूक सापडली की नागप्पा ती वीरभद्रप्पांच्या पायाशी नेऊन ठेवत. वीरभद्रप्पा ती उचलून पुन्हा नागप्पांच्या पायाशी ठेवत. एकदा नागप्पांच्या हातून चुकून व्याह्याच्याच पाठीत गोळी गेली. त्यांनी रिमोट बाजूला ठेवला, गुडघा विसरून खुर्चीतून उठले आणि खरोखरचे हात जोडले. पडद्यावर त्यांचा सैनिक भर मैदानात तसाच उभा राहिला आणि पडला. मग वीरभद्रप्पांनाही त्याच्याशेजारी पडणं भाग झालं. स्वयंपाकघरातून गुरम्मा, म्हणजे वीरभद्रप्पांची बायको, हे बघायला आली होती. ती दोन कप चहा ठेवून गेली. त्या दिवशी तिनं दोन्ही कप काठोकाठ भरले होते.

खेळ मात्र दोघांना आवडू लागला. नागप्पा सकाळचा व्यायाम कुरकुर न करता उरकून येऊ लागले. वीरभद्रप्पा गादीवरून लवकर उठू लागले.

अशात एका दुपारी शिवलीला बापाजवळ येऊन बसली. तिनं औषधनिर्माणाचा अभ्यासक्रम पुरा केला होता, तोही सोलापुरातच, वसतिगृहात राहून. दवाखान्यांच्या रस्त्यावर एका मेडिकलमध्ये तिला काम मिळत होतं. मालक सोमवारपर्यंत थांबायला तयार होता, मग तो दुसऱ्या कुणाला घेणार होता. बसूची हरकत नव्हती. गुरम्माची तर मुळीच नव्हती. प्रश्न होता मामांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारायचा. बसू तीनदा विचारायला गेला आणि तिन्ही वेळा जीएसटीवर बोलून परत आला. गुरम्मा म्हणाली होती, मी विचारलं तर मीच शिकवलं असं म्हणतील.

"अण्णा, तुमीच विचारा की," शिवलीला म्हणाली.

साखरपुड्याला सुपारी फुटत असताना वीरभद्रप्पा सगळ्यांसमोर म्हणाले होते की आमच्या घरची सून कधी काउंटरला उभी राहिली नाही. आणि त्या वेळी मान डोलावली होती ती नागप्पांनीच. त्यात मुलीच्या बापानं व्याह्याकडं काही मागण्यापेक्षा त्यांना मोटार पुन्हा एकट्यानं ओढणं परवडलं असतं. पण लेकीनं त्यांच्याकडं याआधी काही मागितल्याचं त्यांना आठवेना. बघतो, असं ते म्हणाले.

मग त्यांचे बघण्याचे दिवस सुरू झाले. हॉलमध्ये बसल्यावर ते घसा साफ करायचे. वीरभद्रप्पा लगेच विचारायचे, पाणी आणू का? पाणी यायचं, ते प्यायचे आणि विषय पाण्याबरोबर पोटात जायचा. शुक्रवारी ते बरेच पुढं गेले, "आमची शिवलीला" इथपर्यंत. वीरभद्रप्पांनी लगेच सुनेचं एवढं कौतुक केलं, तिच्या हातच्या भाकरीपासून तिच्या चालण्याबोलण्यापर्यंत, की त्यानंतर काही मागणं म्हणजे दिलेल्या आहेरात खोट काढण्यासारखं झालं असतं.

शनिवारी दुपारी दोघं पुलाशी येऊन पोचले. हा पूल त्यांना कितीतरी दिवस पार होत नव्हता. पलीकडून गोळ्यांचा मारा, मध्ये एक मोडका ट्रक, तिथवर धावत जायचं. नागप्पा सवयीनं म्हणाले, तुमी पुढं व्हा. वीरभद्रप्पांनाही आता या मानाचा कंटाळा आला असावा. ते खरंच पुढं झाले, ट्रकपर्यंत पोचले आणि पडले. नागप्पा मागोमाग पोचले. ट्रकच्या आडोशाला त्यांना गोळी लागत नव्हती. पायाशी व्याही पडले होते आणि त्यांच्या डोक्यावरची लाल पट्टी कमी होऊ लागली होती.

एरवी नागप्पांनी कधीच उठवलं असतं, वर "उठवतो हं, धक्का लागंल" असंही म्हणाले असते. आज त्यांचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. एवढ्या काळात व्याह्यांना आपल्याकडून काही हवं आहे, असं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

"उठवा की बीगरे," वीरभद्रप्पा म्हणाले.

"उठवतो. त्याआधी एक विचारायचं हुतं."

"आत्ता?"

"शिवलीलाला मेडिकलमदी काम मिळतंय. सोमवारपासनं या म्हणत्यात. तुमी व्हय म्हणला तर जाईल ती."

"बीगरे, मी मरायला लागलोय."

"दिसतंय मला."

"ही बोलायची जागा हाय का?"

"हॉलमदी इतकं दिवस बसलो की. तितं जमलं न्हाय."

पट्टी नखाएवढी उरली. वीरभद्रप्पांनी पडद्याकडं बघितलं, व्याह्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"जाऊ दे तिला. जाऊ दे म्हणलं न्हवं का? उठवा आता."

नागप्पांनी बटण दाबलं. वीरभद्रप्पा उठले आणि दोघांनी पूल पार केला. पडद्यावर रोषणाई झाली. पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता आणि शिवलीला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसले. गुरम्मानं न सांगता तुपाची वाटी आणून ठेवली. वीरभद्रप्पांनी दोन घास खाल्ले आणि कुणाकडंच न बघता म्हणाले की जखमी माणसाच्या शब्दाला काही धरायचं नसतं. हसायची जागा ठेवून ते बोलले होते, पण हसलं कुणीच नाही.

नागप्पांचा हात ताटात थांबला. दुपारपासून त्यांच्याही मनाला तेच लागून राहिलं होतं.

"खरं हाय," ते म्हणाले. "पडलेल्या माणसाकडनं शब्द घेतला, ते चुकलं माजं. तो शब्द मी परत दिला. आता तुमी उठून बसलाय, जेवायलाय. आता विचारतो. पोरीला कामाला जायचंय. जाऊ दे का?"

असं सरळ वाक्य ते या घरात पहिल्यांदाच बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांनी दुखरा पाय ताटाच्या बाजूनं लांब केला, कारण आता त्यानं काही बिघडण्यासारखं राहिलं नव्हतं.

वीरभद्रप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "हे घरात कुणाकुणाला म्हाईत हुतं?"

बसू आमटीत बघू लागला. गुरम्मा म्हणाली, "मला आदीपासनं."

"म्हंजे मला सोडून सगळ्यांना. मला का न्हाय विचारलं?"

"मामा, तुमी साखरपुड्यात सांगितलं हुतं," शिवलीला म्हणाली. "तुमच्या घरची सून कदी काउंटरला उभी ऱ्हायली न्हाय म्हणून."

"मग? खोटं हाय का ते?"

गुरम्मानं त्यांच्या ताटात तूप वाढलं. "तुमाला टायफॉइड झाला तवा महिनाभर काउंटरला कोण हुतं?"

"तू हुतीस. पण तू काय सून न्हवंस."

"तवा तुमची आई जिती हुती," गुरम्मा म्हणाली. "मी सूनच हुते."

वीरभद्रप्पांनी यावर बराच विचार केला. त्यांच्या मनात त्या महिन्याचा हिशोब चालला असावा, कारण मध्येच त्यांची भुवई वर गेली. त्या महिन्यात दुकान चांगलं चाललं होतं. शेवटी त्यांनी हातातला तुकडा तुपात बुडवला.

"जा," ते सुनेला म्हणाले. "पण तू मला आदी विचारायला पायजे हुतंस."

"तुमी व्हय म्हणला असता का मामा?"

वीरभद्रप्पा खोटं बोलत नसत. "न्हाय," ते म्हणाले. "सहा म्हयनं न्हाय म्हणलो असतो."

यावर मात्र बसूला ठसका लागला आणि नागप्पांनी गुरम्माकडं आणखी एक भाकरी मागितली. लेकीच्या घरी त्यांनी मागून घेतलेली ही पहिली भाकरी.

सोमवारी शिवलीला स्कूटी घेऊन कामाला गेली. दुपारी वीरभद्रप्पांनी गेमचा डबा लावू दिला नाही. माझीही कंबर धरलीय, गोळ्या आणायला पाहिजेत, असं ते म्हणाले. पेठेच्या तोंडाशीच औषधाचं दुकान होतं. तरी त्यांनी रिक्षा बोलावली आणि दोघं व्याही दवाखान्यांच्या रस्त्यावर गेले. मेडिकलसमोर गर्दी होती. पांढऱ्या कोटात शिवलीला काउंटरच्या मागं उभी होती. वीरभद्रप्पा मुकाट रांगेत उभे राहिले, आणि त्यांच्या मागं एक पाय जपत नागप्पा.

नंबर आल्यावर वीरभद्रप्पांनी कंबरदुखीच्या एका जालीम गोळीचं नाव सांगितलं. कुणीतरी ती गोळी लई चांगली आहे म्हणून सांगितली होती.

"चिठ्ठी?" शिवलीलानं विचारलं.

"कसली चिठ्ठी? मी हाय की."

"मामा, ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत न्हाय. मलम देऊ का?"

नागप्पांच्या मागच्या माणसानं पुढं वाकून बघितलं. नागप्पांनी डोळे मिटून घेतले. साखरपुड्यापासून या घराण्याला कुणी नाही म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं, आणि आज तर भर रस्त्यात, चारचौघांत.

वीरभद्रप्पांनी मलम घेतलं, पैसे दिले, उरलेली मोड तपासून घेतली आणि बाजूला झाले. मग मागच्या त्या अनोळखी माणसाकडं वळून त्यांनी काउंटरकडं बोट केलं.

"सून हाय माजी," ते म्हणाले. "लई कडक हाय. चिठ्ठी आणली असंल तरच थांबा."