शालनताईचा पहारा

महिना होत आला. गोव्यात पेडण्याजवळ मोपा विमानतळाकडून येणाऱ्या डंपरने स्कूटरला मागून धडक दिली, महिला जागीच ठार, एवढी बातमी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोनवर लिहून घेतली होती. नाव विचारलं तेव्हा तिकडच्या वार्ताहराने ते दोनदा सांगितलं... ती माझी थोरली बहीण होती. मांद्र्याला माहेरी येऊन शालनताई डिचोलीला परत निघाली होती. पिशवी फुटून साळीच्या लाह्या रस्ताभर पसरल्या होत्या. पोलिसांनी त्या पायाने बाजूला सारल्या.

लाह्या भावोजींसाठी होत्या. ते खाणीवर ट्रक चालवायचे. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मीठ, केळी, काजू, फरसाण बंद; पाणीही मोजून. जेवणाचं त्यांनी सोसलं, पण दुपारचा चहा आला की माणूस बिथरायचा. जन्मभर त्या चहाबरोबर मिरची-भजी आणि पाव खाल्लेला. कुरमुऱ्यांतही भाजताना मीठ घालतात हे कळल्यावर ताईने ते टाकून दिले आणि मांद्र्याच्या काकीकडून लाह्या फोडून आणायला लागली.

एकदा ते बसस्टँडवरच्या हॉटेलात सापडले. ताईने बशी गटारात भिरकावली आणि गिऱ्हाइकांदेखत नवऱ्याच्या थोबाडीत मारली. "मराचा आसा तर घरी येवन मरा. हय भज्यांत तोंड घालून नको." मारतानाही तिने मानाचं बोलणं सोडलं नाही. हॉटेलवाला हसला. तिने कढईकडे पाहिलं, तसा तो आत गेला.

नणंदेने आजारी भावासाठी शहाळी आणली, ताई बाजारात असताना दोन पाजली. पोटॅशियम रक्तात चढलं, हृदयाचे ठोके चुकले, भावोजी अतिदक्षता विभागात पोचले. नणंद पुन्हा शहाळी घेऊन आली तेव्हा ताईने अंगणात कोयत्याने एकेक फोडून पाणी मातीत ओतलं, मग तोच कोयता उगारून तिला फाटकापर्यंत पिटाळलं. "भावाक मारूक इलंस गो?"

मार एकतर्फी नव्हता. भावोजींनी लाह्यांची स्टीलची ताटली तिच्या तोंडावर फेकली, भुवई फाटली. टाके घालून आली, जमीन झाडली, ताटली पुन्हा भरली. "आता खावा." त्यांनी खाल्ल्या... याला प्रेम म्हणावं का, मला ठरवता येत नाही. तिच्या पहाऱ्यात माणूस पाच वर्षं जगला, एवढी नोंद आहे.

ती गेल्यावर भावोजींनी डायलिसिसला जायचं नाकारलं. एक फेरी चुकली, दुसरीही. चेहरा सुजला, आडवं झालं की दम लागे. माझं ऐकेनात. चौथ्या दिवशी त्यांचा चुलतभाऊ बाबुसो गरम मिरची-भजी घेऊन आला. "खा रे बाबा. आता मारूक कोण आसा?"

भावोजींनी एक भजं उचललं, नाकाशी नेलं... मग खाली टाकून बाबुसोच्या कानाखाली अशी वाजवली की तो सोप्यावरून अंगणात पडला. ओठ फुटला. भजी भिंतीवर. डायलिसिसची सुई टोचतात तो डावा हात भावोजींनी सगळा वेळ छातीशी जपून धरला होता. त्या हातावर ताई कोणाला भार घालू द्यायची नाही.

धापा टाकत ते माझ्याकडे वळले.

"बघतंस काय? गाडी काढ. इस्पितळात जावया."