मी कोणत्याही सशस्त्र गटाचा सदस्य नाही

सशस्त्र बंडखोर गट कशाला म्हणावं हे ज्या राष्ट्राला नेमकं सांगता येत नाही, ते राष्ट्र फार काळ टिकत नाही. हे वाक्य मी नागरिकशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षं म्हटलं. मुलं ते वहीत उतरवून घेत. नेमकं काय सांगायचं, हे एकानेही विचारलं नाही, म्हणून माझी नोकरी सुखात गेली.

विचारलं ते निवृत्तीनंतर, एका बंजारा तांड्याच्या नाईकांनी. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. तेवढ्या ओळखीवर ते नेरच्या गाडीने यवतमाळला माझ्या घरी आले. निवडणूक लागली होती, आणि अशा वेळी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तांड्यात एकच बंदूक, नळीतून दारू ठासायची जुनी भरमार, नाईकांच्या नावावर. रानडुकरांपासून पीक राखायला दहा-बारा जण पाळीने जागलीला जात, तेव्हा ती सोबत असे. तूर घरात येईपर्यंत ती तांड्यातच राहावी, असा अर्ज करायचा होता. अर्जाखाली छापलं होतं : ‘मी कोणत्याही सशस्त्र बंडखोर गटाचा सदस्य नाही.’

“मग करा की सही,” मी म्हणालो.

“सहीचं काही नाई, सर. पन मी कशात नाई, हे तं मले मालूम पायजे ना.”

मी पुस्तकं काढली. एकात लिहिलं होतं, गटाला नेता हवा.

“थो तं मीच हावो.”

दुसऱ्यात, भूभागावर ताबा.

“नाल्यापासून जंगलापर्यंत. आमाले इचारल्याबगर कोनी पाय नाई ठेवत.”

तिसऱ्यात, दीर्घकाळ टिकण्याची क्षमता.

“बापाच्या वक्तापासून हाय.”

चौथ्यात, शासनाच्या अधिकाराला विरोध. डुकरांनी केलेल्या नुकसानीची पाहणी होत नाही म्हणून तांड्याने मागच्या वर्षी वनखात्याची जीप दुपारभर अडवली होती.

“चहा पाजला होता त्याइले,” ते म्हणाले. “चहा पाजला तं चालते का?”

चहाबद्दल एकाही ग्रंथात काही नव्हतं. मी शेवटचा मुद्दा वाचला : सरकार उलथवण्याचं उद्दिष्ट.

“थे तं आमी पाच वर्सातून एकदा करतोच. बटन दाबून.”

आता माझाही गोंधळ झाला. पुस्तकांपेक्षा कचेरीला जास्त कळत असेल, म्हणून दोघंही तिथे गेलो. कारकून सज्जन होता. तो म्हणाला, “यादीत नाव असलं तर गट, नसलं तर नाही.”

“यादी दाखवता?”

“ती गोपनीय असते.”

“मंग आमी हाओ का नाई, कसं समजन?” नाईकांनी विचारलं.

“सही केली की तुम्ही नाही.”

मी आजवर वाचलेल्या-ऐकलेल्यांत ही सर्वांत स्पष्ट व्याख्या होती, पण नाईकांना ती पटली नाही. जे समजलं नाही त्यावर सही करायची नाही, हे म्हणे त्यांच्या मुलीला मीच शिकवलं होतं. मला ते आठवत नाही.

अर्ज तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी बंदूक जमा करायला मीही ठाण्यात गेलो. हवालदाराने चाप ओढला, नळीत डोकावला, पुन्हा चाप ओढला. “केव्हापासून बंद आहे ही?”

नाईकांनी मला बाजूला घेतलं. “सर, तांड्यात नका सांगू. बार काढाचा हुकूम फक्त माहा हाय, म्हनून कोनाले मालूम नाई. हे संगं हाय म्हनून लोक जागलीले जातेत. नाई तं कोन जाईन?”

पावतीवर ‘नादुरुस्त’ असं लिहून मिळालं. अशी बंदूक बाळगणारा सशस्त्र ठरतो का, असं मी हवालदाराला विचारलं. त्याने थोडा विचार केला आणि सांगितलं, “ठरत नसेल. पण जमा करावी लागते.”

तांड्यात नाईकांनी सांगितलं, निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी सरकारने आपली बंदूक मागून नेली. लोकांना अभिमान वाटला. डबडी वाजवत सगळे जागलीला गेले, एकही गळला नाही. निकालानंतर बंदूक परत आली तेव्हा बायांनी तिला कुंकू लावलं.

डुकरं ती नसताना जेवढी आली, तेवढीच ती आल्यावरही आली.